विस्कॉन्सिनमधली जुनी ओडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची) केस ऑनलाइन सापडत नसेल तर कागद कुठून आणायचे

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मिस्टर २०१४ मधे शिकागोला एमएस करत होते, मित्रांबरोबर वीकेंडला विस्कॉन्सिन डेल्सला गेले, रात्री परत निघताना पोलिसांनी अडवलं, ब्रेथ टेस्ट ०.०८ च्या कायदेशीर हद्दीच्या वर आली, तिकीट (म्हणजे पोलिसांचं चलान) मिळालं, पुढे दंड भरला आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. आता ग्रीन कार्डचा आय-४८५ भरायचाय आणि लॉयर म्हणतोय कोर्टाचं सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे केसचा शेवटी काय निकाल लागला त्याचा शिक्क्याचा कागद, आणा. तिकीट हरवलंय, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आठवत नाही, कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं तर शून्य रिझल्ट, एका बॅकग्राउंड चेकवाल्या साइटला पैसे भरले तिथेही काही नाही. आणि शेवटी ताईंनी विचारलंय की रेकॉर्डच नसेल तर फॉर्ममधे 'नो' टिक केलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देते. नाही, अजिबात नाही, कृपा करून असं करू नका. फॉर्ममधे प्रश्न 'रेकॉर्ड सापडतंय का' असा नाहीये, तो विचारतो तुम्हाला कधीही अरेस्ट, साइट किंवा चार्ज केलंय का, आणि मिस्टरांना केलंय. दहा वर्षांपूर्वीची एक ओडब्ल्यूआय ही लॉयरला सांभाळता येण्यासारखी गोष्ट असते, पण इमिग्रेशनच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं असा शिक्का बसला तर तो जन्मभर मागे लागतो. मी हे ज्यांच्या बाबतीत घडताना पाहिलंय त्यांचं मूळ प्रकरण अगदी किरकोळ होतं, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

माझ्याबद्दल एवढंच की मी वकील नाही, विस्कॉन्सिनमधे बरीच वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या ऑफिसातली मदतनीस, म्हणून काम करतेय आणि कामाचा मोठा भाग हाच, छोट्या काउंट्यांमधून जुने कागद काढून आणणं. त्यामुळे कागद कुठे असतात ते सांगू शकते, त्या कागदाचा ग्रीन कार्डवर काय परिणाम होईल ते तुमच्या इमिग्रेशन लॉयरनीच सांगायचं.

आता खरा प्रॉब्लेम काय आहे बघा. तुम्हाला वाटतंय की केस सापडत नाही. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा केस जिथे आहे तिथे आपण शोधतच नसतो. म्हणून नाव टाईप करायच्या आधी 'ही केस नेमकी कुठल्या कोर्टात गेली असणार' हे शोधायचं.

विस्कॉन्सिनची एक गोष्ट फार वेगळी आहे. बहुतेक राज्यांत दारू पिऊन गाडी चालवणं पहिल्या वेळेलाही क्रिमिनल केस असते. इथे पहिली ओडब्ल्यूआय साधारणपणे सिव्हिल फॉरफिचर, म्हणजे गुन्हा न धरता नुसतं दंडाचं प्रकरण, धरतात, कायद्यात १५० ते ३०० डॉलर दंड, वर सरचार्ज आणि कोर्टाचे खर्च, आणि लायसन्स सहा ते नऊ महिने रद्द. जेल नाही. (गाडीत १६ वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र पहिलीच क्रिमिनल होते.) आता ही सिव्हिल असल्यामुळे ती दोन ठिकाणी जाऊ शकते. एक म्हणजे काउंटीचं सर्किट कोर्ट, आणि दुसरं म्हणजे गावाचं म्युनिसिपल कोर्ट. राज्यात ७२ काउंट्या आहेत आणि म्युनिसिपल कोर्टं दोनशेच्या वर, त्यातली कितीतरी इतकी छोटी की महिन्यातून एखाद-दोन संध्याकाळी व्हिलेज हॉलमधे भरतात, जज निवडून आलेला असतो आणि तो वकील असायलाच हवा असंही नाही.

ताईंनी जी साइट बघितली ती डब्ल्यूसीसीए, इथले सगळे तिला जुन्या सवयीने सीकॅपच म्हणतात. ती फुकट आहे, खूप चांगली आहे, १९९९ पासून चालू आहे, पण त्यात फक्त सर्किट कोर्टाच्या केसेस येतात. म्युनिसिपल कोर्टाची केस तिथे दिसणारच नाही, कितीही वेळा नाव टाका. काही मोठ्या म्युनिसिपल कोर्टांची स्वतःची ऑनलाइन सोय आहे, पण खेड्यातल्या कोर्टाचं रेकॉर्ड म्हणजे तिथल्या क्लार्कबाईंच्या कंप्युटरमधे नाहीतर कपाटात.

मग कुठलं कोर्ट हे कसं ठरवायचं? पहिला प्रश्न मिस्टरांना हा विचारा की अडवलं कोणी. पोलिसांच्या गाडीवर काय लिहिलं होतं? हायवेवर स्टेट पट्रोलनी किंवा काउंटीच्या शेरीफच्या डेप्युटीनी अडवलं असेल तर तिकीट जवळजवळ नेहमी सर्किट कोर्टात जातं. गावाच्या पोलिसांनी अडवलं असेल आणि त्या गावाला म्युनिसिपल कोर्ट असेल तर पहिली ओडब्ल्यूआय तिकडे जाण्याची शक्यता मोठी. लोक म्हणतात दहा वर्षांनी कसं आठवणार, पण आठवतं हो. त्या रात्री ब्लड टेस्टला कुठल्या हॉस्पिटलमधे नेलं, गाडी टो करून कुठे ठेवली, दुसऱ्या दिवशी घ्यायला कोण आलं, हे माणूस विसरत नाही, शांत बसून विचारलं की एकेक बाहेर येतं.

आणि डेल्सच्या बाबतीत तर हे विचारावंच लागतं. विस्कॉन्सिन डेल्स हे शहर चार काउंट्यांमधे पसरलंय, कोलंबिया, सॉक, ॲडम्स आणि जूनो. वॉटरपार्कवाला पट्टा पुढे लेक डेल्टनमधे जातो, ते वेगळं व्हिलेज आहे आणि सॉक काउंटीत येतं. म्हणजे एका हॉटेलातून निघून दहा मिनिटं गाडी चालवली तर केस कुठे गेली हे फक्त 'डेल्सला झालं' यावरून कोणीही सांगू शकणार नाही. ९०-९४ इंटरस्टेटवर अडवलं असेल तर कोलंबिया, सॉक किंवा जूनो, कारण ॲडम्समधून तो रस्ता जात नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे ज्यात आमच्या ऑफिसातले नवीन लोकसुद्धा पडतात. नावांचा घोळ. कोलंबिया काउंटीचं कोर्टहाउस पोर्टेज नावाच्या शहरात आहे, आणि पोर्टेज काउंटी ही वेगळीच, तिचं कोर्टहाउस स्टीव्हन्स पॉइंटला. जूनो काउंटीचं कोर्टहाउस मॉस्टनला, पण जूनो नावाचं शहर आहे डॉज काउंटीत आणि तिथे डॉजचं कोर्टहाउस. मनरो शहर ग्रीन काउंटीत, मनरो काउंटीचं कोर्ट स्पार्टाला. वॉशबर्नचंही तसंच, शहर बेफील्ड काउंटीत. मिस्टरांच्या डोक्यात 'पोर्टेजला कोर्टात गेलो होतो' एवढंच असेल आणि तुम्ही सीकॅपवर पोर्टेज काउंटी निवडून शोधलं असेल तर शून्य येणारच, तुम्हाला कोलंबिया निवडायला हवं. पहिल्या फेरीत काउंटी निवडूच नका, सगळ्या राज्यात शोधा.

आता नावाबद्दल, आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त इथे अडतं.

एक प्रकरण सांगते, माणसाची ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा पुण्याचा, स्टुडंट होता, इथलं लायसन्स काढलेलं नव्हतं, आपल्या आरटीओच्या लायसन्सवर गाडी चालवत होता. सीकॅपवर नाव आणि जन्मतारीख टाकून त्यानी पाच-सहा वेळा शोधलं, मी दोनदा शोधलं, काही नाही. मग जन्मतारीख काढून टाकली आणि नुसतं वडिलांचं नाव आडनाव समजून टाकलं, तर एकच केस आली. ऑफिसरनी रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात आपलं लायसन्स वाचलेलं, नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशा क्रमातलं, त्यानी मधलं नाव आडनावाच्या जागी टाकलं आणि आडनाव मधल्या नावात. आणि जन्मतारीख ०७-०४, म्हणजे आपली सात एप्रिल, ती त्यानी अमेरिकन पद्धतीने चार जुलै म्हणून भरली. फाईल मागवली तेव्हा तिकिटाच्या कॉपीवर उंची बरोबर, डोळ्यांचा रंग बरोबर, जुन्या अपार्टमेंटचा नंबरही बरोबर, फक्त माणूस कोर्टासाठी दुसराच कोणीतरी.

म्हणून या क्रमाने शोधा. आधी जन्मतारीख न टाकता आडनाव आणि नाव. मग दिवस-महिना उलटा करून. मग वडिलांचं नाव आडनाव म्हणून. मग स्पेलिंगचे प्रकार, क्षीरसागरला के-एस-एच नंतर एक आय की दोन ई, चौधरीला यू आहे का डब्ल्यू, शेवटी एक ए जास्त लागलाय का. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता त्यांचं पहिलं नाव एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) म्हणून पडलेलं असतं, तेही टाकून बघा. कंटाळवाणं काम आहे पण अर्ध्या तासात होतं.

केस सापडली तर तिच्या नंबरमधेच बरंच काही असतं. सुरवातीला वर्ष, मग दोन अक्षरं. टीआर म्हणजे ट्रॅफिक, पहिली ओडब्ल्यूआय इथेच असते. सीटी म्हणजे क्रिमिनल ट्रॅफिक, दुसरी-तिसरी तिथे. सीएफ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. आणि एक धोक्याची सूचना, ओडब्ल्यूआयची तिकिटं बहुतेक वेळा जोडीने येतात, एक कलम ३४६.६३(१)(ए) म्हणजे दारूच्या अमलाखाली चालवणं, आणि दुसरं (१)(बी) म्हणजे रक्तातलं प्रमाण हद्दीच्या वर. शिक्षा एकाच गोष्टीची होते आणि दुसरं तिकीट डिसमिस दिसतं. लोक ते डिसमिस्ड बघून खूष होतात, त्याचाच प्रिंट काढतात आणि लॉयरला पाठवतात. शेजारच्या नंबरची केस उघडून बघा, तिथे गिल्टी असेल. टेस्टला नकार दिला असेल तर रिफ्यूजलची आणखी एक वेगळी नोंद असू शकते. अधिकाऱ्यासमोर हे सगळे कागद एकत्र गेले पाहिजेत, त्यातला आपल्याला आवडलेला एक नाही.

एवढं करूनही काही आलं नाही तर दोनच शक्यता राहतात, एकतर केस म्युनिसिपल कोर्टात आहे, नाहीतर सर्किट कोर्टात होती पण जुनी झाल्यामुळे साइटवरून गेली. कोर्टाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रकारच्या केसची फाईल किती वर्षं ठेवायची ते ठरलेलं आहे, फेलनीची दशकानुदशकं, साध्या ट्रॅफिक फॉरफिचरची त्या मानाने फारच कमी. २०१४ ची केस आहे म्हटल्यावर ही शक्यता मी आधीपासून धरून चालेन.

अशा वेळी मी सगळ्यात आधी ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवते, विस्कॉन्सिनच्या डीओटीकडून, म्हणजे इथल्या आरटीओसारखं खातं समजा. इथे कोर्ट कुठलं होतं याने फरक पडत नाही, म्युनिसिपलची कन्व्हिक्शनही त्यांच्याकडे जाते, कारण पुढची ओडब्ल्यूआय दुसरी की तिसरी हे त्यांना मोजावं लागतं. स्पीडिंगसारख्या गोष्टी काही वर्षांनी रेकॉर्डवरून निघतात तशी दारूची नोंद निघत नाही. मिस्टरांकडे विस्कॉन्सिनचं लायसन्स कधीच नव्हतं तरी मागवा, अशा बाहेरच्या ड्रायव्हरच्या नावानेही नोंद मला बरेचदा मिळालीय. त्यावर उल्लंघनाची आणि कन्व्हिक्शनची तारीख मिळाली की क्लार्कला फोन करायला हातात काहीतरी ठोस असतं. हे रेकॉर्ड मात्र स्वतःचं स्वतःच मागवायचं, दुसऱ्याचं असं सहज मिळत नाही, १९९४ चा ड्रायव्हरच्या माहितीच्या प्रायव्हसीचा फेडरल कायदा आड येतो.

एफबीआयचा रिपोर्ट क्लीन आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्या ओडब्ल्यूआयला बऱ्याचदा बोटांचे ठसेच घेतलेले नसतात, मग तिथे पोहोचणार काय? आणि त्या पैसे घेणाऱ्या साइट्स, त्या याच सरकारी साइट्सवरचा माल कधीतरी उचलून ठेवतात आणि तोच शिळा विकतात, म्युनिसिपल कोर्टाच्या कपाटात त्या गेलेल्या नसतात. तिथे एक पैसाही घालू नका.

त्यापेक्षा घरातच शोधा. २०१४-१५ ची बँक स्टेटमेंट्स डाउनलोड करा आणि दंड कोणाच्या नावाने गेला ते बघा, तिथे कोर्टाचं किंवा गावाचं नाव सरळ लिहिलेलं सापडतं. जुन्या इमेलमधे 'असेसमेंट' शोधा, कारण इथे ओडब्ल्यूआय झाली की दारूच्या सवयीचं असेसमेंट करावंच लागतं आणि त्याच्या पत्रात काउंटी असते. तेव्हा वकील केला होता का? असेल तर त्याच्या ऑफिसला फोन करा, फाईल नसली तरी केस नंबर त्यांच्या सिस्टिममधे असू शकतो.

आता क्लार्कशी बोलणं. छोट्या काउंटीत क्लार्क ऑफ सर्किट कोर्टच्या ऑफिसात मोजकी माणसं असतात, तीच फोन घेणार, तीच कोर्टात बसणार, तीच खिडकीवरच्या माणसाचा दंड घेणार. सोमवारी सकाळी फोन करू नका, जेवणाच्या वेळेला करू नका, मला मंगळवार-बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्यात चांगला अनुभव आलाय. 'माझ्या नवऱ्याची केस शोधून द्या' असं म्हटलं की समोरचा माणूस थबकतो, कारण नेमकं काय हवंय ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा असं सांगा की २०१४ मधली ट्रॅफिक केस आहे, स्टॅच्यूट ३४६.६३, नाव असं किंवा असं असू शकेल, जन्मतारीख अशी किंवा उलटी, आणि मला इमिग्रेशनसाठी सर्टिफाइड कॉपीज हव्यात. 'इमिग्रेशनसाठी सर्टिफाइड' हे शब्द त्यांनी ऐकलेले असतात, मग ते स्वतःच विचारतात सायटेशनपण (म्हणजे ते मूळ तिकीट) हवंय का. हो म्हणा. सायटेशन किंवा कंप्लेंट, जजमेंट किंवा डिस्पोझिशन, आणि दंड पूर्ण भरल्याची नोंद, हे तिन्ही मागा. सर्किट कोर्टात पानाला सव्वा डॉलर, सर्टिफिकेशनचे पाच डॉलर, आणि नंबर न देता शोधायला लावलं तर त्याचे आणखी पाच अशी फी मी भरत आलेय, म्युनिसिपलची फी प्रत्येकाची वेगळी. चेक लिहिण्याआधी विचारून घ्या. साध्या प्रिंटवर भागत नाही, सीकॅपचा स्क्रीनशॉट तर मुळीच चालत नाही, कोर्टाचा शिक्का आणि सही पाहिजे.

आणि त्यांनी सांगितलं की फाईल नष्ट झाली, तर फोन ठेवू नका. त्यांना म्हणा की तसं लेखी द्या, कोर्टाच्या लेटरहेडवर, सहीसकट, कुठल्या नावांनी आणि कुठल्या वर्षांसाठी शोधलं ते लिहून. मूळ कागद अस्तित्वात नसेल तर तो नसल्याचा पुरावा आणि त्याच्या जोडीला दुसरा पुरावा द्यायची सोय इमिग्रेशनच्या नियमांत आहे. ते पत्र, डीओटीचं रेकॉर्ड, बँकेतली दंडाची नोंद, आणि ज्यांनी अडवलं त्या पोलिसांकडून ओपन रेकॉर्ड्स कायद्याखाली मागवलेला रिपोर्ट, एवढं एकत्र आलं की लॉयरच्या हातात फाईल तयार होते. पोलिसांचा रिपोर्ट तसाही मागवाच, बऱ्याचदा त्याचीही सर्टिफाइड कॉपी लागते. आणि ट्रॅफिकचा छोटा दंड असेल तर कागद लागत नाहीत असं जे सगळीकडे वाचायला मिळतं, ती सूट दारूच्या केसला नाही.

नाव किंवा तारीख चुकीची पडलेली असेल तर स्वतःहून कागदावर काही दुरुस्त करू नका. कोर्टाकडून दुरुस्ती करून घ्यायची की दोन्ही नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट जोडायचं हे प्रत्येक केसवर अवलंबून आहे, आमच्याकडे दोन्ही केलंय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. घटना विस्कॉन्सिनची नसेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. मिनेसोटा, आयोवा, मिझुरी, मेरीलँड या राज्यांची एकत्र साइट आहे, तिथे सोपं पडतं. इलिनॉयमधे १०२ काउंट्या आणि प्रत्येक सर्किट क्लार्कची सोय वेगळी, टेक्ससमधे २५४ काउंट्या. न्यूयॉर्कच्या खेड्यांत टाउन आणि व्हिलेज कोर्टं हजाराच्या वर आहेत आणि तिथे फोन आणि पत्र याशिवाय बहुतेक वेळा मार्ग नसतो. पण 'अडवलं कोणी, मग कोर्ट कुठलं' हा प्रश्न सगळीकडे पहिलाच. आणि ज्यांची केस गेल्या पाच वर्षांतली आहे त्यांनी मुंबईला व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जायच्या आधी लॉयरशी बोलल्याशिवाय तिकीटं काढू नका, एका अरेस्टवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो आणि कॉन्सुलेट तुम्हाला त्यांच्या डॉक्टरकडे पाठवू शकतं, त्यात आठवडे जातात. दोन कन्व्हिक्शन असतील तर सिटिझनशिपच्या वेळी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवरच्या २०१९ च्या अटर्नी जनरलच्या निर्णयाबद्दल लॉयरला नक्की विचारा.

ताई, तुमच्यासाठी मी असं करेन. आज रात्री मिस्टरांबरोबर बसून बँक स्टेटमेंट आणि इमेल. उद्या डीओटीचं रेकॉर्ड मागवून ठेवा. ते येईपर्यंत कोलंबिया, सॉक, ॲडम्स आणि जूनो या चारही क्लार्कना फोन, आणि त्याच फोनवर विचारा की डेल्स आणि लेक डेल्टनच्या पोलिसांची पहिली ओडब्ल्यूआय २०१४ मधे कुठल्या म्युनिसिपल कोर्टात जायची, त्यांना ते तोंडपाठ असतं. पत्र पाठवाल तेव्हा आत तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट घाला, छोट्या पाकिटात घड्या घालून आले की शिक्का पुसट होतो. आणि प्रत्येक कागदाच्या दोन सर्टिफाइड प्रती मागवा, एक फॉर्मबरोबर जाईल, दुसरी इंटरव्ह्यूच्या दिवशी मिस्टरांच्या हातात राहील.